मान मोजणारे फासे

कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' अमेरिकेत 1974 साली आला, आणि आशिया त्यात लगेचच शिरला, पण सुटासुटा. 1975 च्या 'ब्लॅकमूर' पुरवणीत नुसत्या हातांनी लढणारा मंक आला, आणि 1977 च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस वाघाचं डोकं लावून अवतरला. हा राक्षस आशीर्वाद दिलेल्या क्रॉसबोच्या बाणाने मरतो. ही युक्ती पुराणांतली नाही. 1974 च्या 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर' या टीव्ही मालिकेत मात्र ती सापडते. तोवर आशिया म्हणजे एखादं पात्र, एखादं भूत. त्याला समाज नव्हता.

तो समाज आला 1985 च्या 'ओरिएंटल अॅडव्हेंचर्स'मध्ये. मुखपृष्ठावर खेळाचे सहनिर्माते गॅरी गायगॅक्स यांचं नाव असलं तरी लेखन मुख्यतः डेव्हिड 'झेब' कुक यांचं. या पुस्तकावर टीका होते ती बहुधा शीर्षकामुळे आणि चित्रांमुळे. माझ्या मते त्याचा खरा इतिहास नियमांत आहे. इथे पात्राला घराणं असतं, फासे टाकून पूर्वज ठरतात, आणि मानाचे गुण मोजले जातात. पात्राच्या वागण्याने घराण्याचा मान वाढतो किंवा घटतो. शिवाय सुलेखन, चहाचा विधी अशा लढाईबाहेरच्या कौशल्यांना प्रथमच पद्धतशीर जागा मिळाली. मूळ खेळातल्या लढवय्याला यातलं काही लागत नव्हतं: त्याला तलवार, चिलखत आणि लुटीची पिशवी पुरे. युरोपच्या सरंजामी इतिहासात घराणी, वैरं, प्रतिष्ठेपायी झालेली द्वंद्वं कमी नव्हती. तरीही युरोपी पात्र म्हणजे निव्वळ माणूस आणि आशियाई पात्र म्हणजे रूढींनी बांधलेला माणूस, असा भेद नियमांनीच आखला.

यावर म्हणता येईल की हा कल्पनेचा खेळ आहे, त्यातला युरोपही खिचडीच होता. होता, पण त्या खिचडीला वेगळ्या पुस्तकाची आणि 'पाश्चात्त्य' अशा पाटीची गरज पडली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कुक यांनी अभ्यास केला होता, पुस्तकात ग्रंथसूची आहे, जपानी खेळाडूंचे आभार आहेत. हे श्रेय द्यायलाच हवं. मात्र त्या अभ्यासाचा तोल पाहिला तर बुशी, केन्साई, निंजा, सामुराई, सोहेई, याकुझा अशी बहुतेक पात्रवर्गांची नावं जपानी. चीनच्या वाट्याला प्रामुख्याने वू जेन. आणि शीर्षकात सगळी पूर्व. जपानपुरता थांबलेला 'बुशिदो' हा खेळ 1979 मध्येच निघाला होता, त्याचा दावा निदान मापात होता.

पुढे काय उचललं गेलं, हे जास्त बोलकं आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 1989 मधल्या दुसऱ्या आवृत्तीत लढाईबाहेरची कौशल्यं ऐच्छिक नियम म्हणून मूळ खेळात आली आणि कुठल्याही लोहाराला, शिकाऱ्याला लागू झाली. मानाचे गुण मात्र तेव्हा मूळ नियमांत आले नाहीत. 2001 च्या नव्या 'ओरिएंटल अॅडव्हेंचर्स'ने रोकुगान ही तयार दुनिया घेतली, तीही पुन्हा सामुराईंचीच. 2020 मध्ये प्रकाशकांनी जुन्या पुस्तकांच्या विक्रीपानांवर पूर्वग्रहांची कबुली देणारी सूचना लावली. ती सूचना शब्द आणि चित्रांपुरती वाचली, तर मान फक्त पूर्वेकडेच का मोजला गेला, हा प्रश्न तिच्या बाहेरच राहतो.