अनामत आणि कपात

वसंतऋतूतल्या या व्याख्यानांत राजे, संत आणि पंडित यांच्याविषयी दरवर्षी पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. आमचा आजचा विषय मात्र तितका थोर नाही. भाड्याची खोली सोडताना घरमालक अनामतीतून जे पैसे कापून घेतो, त्या कपातीचा इतिहास आम्ही सांगणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात, संघटनेच्या कचेरीत आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर. तेव्हा मांडणीत काही उणे राहिले तर श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

दोनतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा एक तरुण कामगार आमच्याकडे आला. महिना आठ हजार रुपये भाड्याने त्याने दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता आणि अनामत म्हणून चाळीस हजार भरले होते. तीन वर्षांनी जागा सोडली तेव्हा मालकाने अठरा हजार हातावर ठेवले. उरलेले बावीस हजार कशाचे, असे विचारता उत्तर आले, ‘पुढच्या खोलीतला गालिचा तुम्ही खराब केलात.’ फरशीला चिकटवलेला तो गालिचा दाराजवळ झिजला होता आणि त्यावर एक काळा डाग होता. मुलाच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी होते. नव्या घराची अनामत भरायची होती, आणि जुनी हाती आल्याशिवाय ती भरता येत नव्हती. मालकाच्या दृष्टीने बावीस हजार ही गालिच्याची किंमत होती. त्या कुटुंबाच्या दृष्टीने ती पुढच्या घराच्या दाराची किल्ली होती.

आम्ही हे ऐकले आणि आम्हांला गिरणीची आठवण झाली. आमचे वडील सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेलेल्या हजारोंपैकी एक. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे आमचे कुटुंब गावी परतले. वडील आपल्याही वडिलांच्या काळातली एक गोष्ट सांगत. साच्यावर विणलेल्या कापडात दोष निघाला की ते कापड विणकराच्याच गळ्यात मारीत आणि त्याची किंमत त्याच्या पगारातून कापून घेत. सूत कच्चे होते की साचा जुना होता, याची चौकशी नाही. दोष कोणाचा हे ठरविणारा मालक, किंमत ठरविणारा मालक, आणि पैसे आधीच ज्याच्या हातात आहेत तोही मालकच. कामगाराने फक्त पगाराच्या दिवशी रक्कम मोजायची आणि गप्प बसायचे.

ही रीत एका दिवसात गेली नाही. कामगार संघटनांनी वर्षानुवर्षे ओरड केली. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने दंड आणि कपात यांचा प्रश्न तपासला आणि १९३१ च्या अहवालात त्यावर कायदा करण्याची शिफारस केली. त्यातून १९३६ चा पगार वाटपाचा कायदा झाला. या कायद्यात नुकसानभरपाईच्या कपातीविषयी तीन साध्या गोष्टी होत्या. पहिली, नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झालेले असले पाहिजे. दुसरी, कपात प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक होता कामा नये. तिसरी, कामगाराला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय कपात करायची नाही, आणि केलेली कपात वहीत नोंदवायची. आज त्या कायद्याची जागा २०१९ च्या वेतन संहितेने घेतली आहे. परंतु हे तत्त्व तिच्यातही कायम आहे.

आता भाडेकरूच्या बाजूचा इतिहास पाहू. पहिल्या महायुद्धात मुंबईत घरांची टंचाई झाली आणि भाडी भडकली, तेव्हा १९१८ साली सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर १९३९ साली पुन्हा कायदा आला. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ साली, मुंबई राज्याचा प्रसिद्ध भाडेनियंत्रण कायदा झाला आणि १९४८ च्या फेब्रुवारीत तो अमलात आला. त्याच सुमारास, मार्च १९४८ मध्ये, सांगली संस्थान विलीन झाले.

या १९४७ च्या कायद्यातील अठरावे कलम आजच्या भाडेकरूला सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही. जागा भाड्याने देताना प्रमाणित भाड्याखेरीज पागडी, नजराणा किंवा अनामत घेणे हा त्या कलमाने गुन्हा ठरविला होता. शिक्षा कैदेची, आणि शिवाय घेतलेल्या रकमेहून कमी नसेल इतका दंड. म्हणजे ज्या अनामतीतून आज गालिच्याचे पैसे कापले जातात, ती अनामतच एके काळी घेता येत नव्हती.

मग ती परत आली कशी? कायदा ‘भाडेकरू’ या शब्दाला लागू होता, म्हणून मालकांनी शब्द बदलला. जागा भाड्याने न देता ती वापरण्याचा केवळ परवाना द्यायचा, म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’. राहणारा तोच, खोली तीच, दरमहाची रक्कमही तीच. फक्त कागदावर तो भाडेकरू नव्हे, परवानाधारक. आम्हां कामगारांना ही युक्ती नवी नाही. कायम कामगाराला ‘कंत्राटी’ किंवा ‘शिकाऊ’ म्हटले की त्याचे हक्क कसे गळून पडतात, हे आम्ही रोज पाहतो. १९७३ साली महाराष्ट्र सरकारने ही फट बुजविण्याचा प्रयत्न केला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानाधारक जागेत राहत होते, त्यांना भाडेकरू मानले गेले. जे त्या तारखेला जागेत होते ते तरले. पुढे येणाऱ्यांसाठी मात्र मालक अधिकच सावध झाले, आणि अकरा महिन्यांचा करार हा घरोघरचा शब्द झाला.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा इतिहास एकांगी होईल. जुन्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. महागाई वाढत गेली, घराची डागडुजी करायला भाडे पुरेना, आणि वाडे पडू लागले. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानेही या गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असे म्हटले. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातल्या छप्पन्नाव्या कलमाने पागडी आणि अनामत घेणे कायदेशीर केले. अनामत किती घ्यावी, कशासाठी कापावी, कधी परत करावी, याचा तपशील मात्र करारावरच सोडला. दार उघडले, पण उंबरठा घातला नाही.

‘झीज’ या शब्दाचा विचार येथे करू. आमच्या गावच्या घरात शेणाने सारवलेली जमीन होती. ती पावलांनी झिजे आणि आई ती पुन्हा सारवी. जमीन झिजली म्हणून कोणी कोणाला दोष दिला नाही, कारण माणूस जमिनीवर चालणारच. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा इंग्रजांनी केला. पण त्यातही हेच शहाणपण आहे. एकशे आठव्या कलमात म्हटले आहे की भाडेकरूने जागा घेतली तशी परत करावी. परंतु वाजवी वापराने होणारी झीज आणि आवरता न येणारी आपत्ती यांचा अपवाद धरावा. परवानाधारकाला हे कलम जसेच्या तसे लागत नाही, म्हणून तर तो शब्द कराराच्या कागदात लिहून घेणे अगत्याचे आहे.

आवरता न येणारी आपत्ती म्हणजे काय, हे सांगलीकरांना समजावून सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूर ओसरल्यावर फुगलेल्या दारांचे आणि भिंतींवरच्या गाळाच्या रेघेचे पैसे भाडेकरूंच्या अनामतीतून कापल्याच्या तक्रारी आमच्यापर्यंत आल्या. ज्याचे अंथरूण, भांडी आणि मुलांची पुस्तके वाहून गेली, त्यानेच कृष्णामाईचाही हिशेब चुकता करायचा, हा कोणता न्याय?

अनामत ही कोणाची, या प्रश्नाचे उत्तर याच सांगलीत मिळते. हरिपूरला हळदीची पेवे होती. व्यापारी जमिनीखालच्या पेवात हळद ठेवी, पेववाला त्याचे भाडे घेई, पण हळद व्यापाऱ्याचीच राही. सरकारलाही हे उमजते. लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क काढताना परत करायच्या अनामतीवरचे दरसाल दहा टक्के व्याज हिशेबात धरले जाते. म्हणजे भाडेकरू आपल्या पैशाचे व्याज मालकाला देत असतो, हे सरकार जाणते. मालकाला मात्र ते पैसे मिळाल्या दिवसापासून आपलेच वाटू लागतात.

सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा एक निवाडा येथे सांगण्याजोगा आहे. मौला बक्ष नावाच्या ठेकेदाराने लष्कराला बटाटे, कोंबड्या, अंडी आणि मासळी पुरविण्याचे करार केले होते आणि त्यासाठी १८,५०० रुपये अनामत भरली होती. पुरवठा नीट झाला नाही म्हणून सरकारने सगळी रक्कम जप्त केली. न्यायालयाने सांगितले की नुकसान मोजता येण्याजोगे असेल तर ते सिद्ध केले पाहिजे. केवळ करारात जप्तीचे कलम आहे म्हणून अनामत गिळता येत नाही. खुद्द भारत सरकारला जे करता आले नाही, ते दोन खोल्यांच्या मालकाला कसे करता येईल?

आमच्या त्या कामगाराचे पुढे काय झाले? आम्ही त्याला घेऊन मालकांकडे गेलो. ते दुष्ट नव्हते. निवृत्त कारकून, त्या भाड्यावरच औषधपाणी चाले. आम्ही म्हटले, ‘काका, आम्ही भांडायला आलो नाही. तीनच गोष्टी विचारतो. जागा दिली तेव्हा गालिचा कसा होता, हे कोठे लिहिले आहे? गालिचा किती वर्षांचा आहे? आणि नव्या गालिच्याचे बिल कोठे आहे?’ लिहिलेले काही नव्हते. गालिचा नऊ वर्षांचा होता, म्हणजे त्यावर आधीचे भाडेकरूही चालून गेले होते. बिल तर नव्हतेच, कारण नवा गालिचा आणण्याचा त्यांचा विचारही नव्हता. काळा डाग आपल्या इस्त्रीचा, हे मुलाने होऊन कबूल केले. शेवटी त्या डागाचे तीन हजार ठरले आणि एकोणीस हजार परत मिळाले. निघताना काका म्हणाले, ‘मला हे असे कोणी विचारलेच नव्हते.’ आम्हांला वाटते, सगळ्या प्रश्नाचे मर्म त्या वाक्यात आहे.

कोर्टाचा रस्ता आहे. तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येतो. पण बावीस हजारांसाठी वकील देणारा कामगार आम्ही पाहिलेला नाही. २०२१ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. त्यात राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि जागा ताब्यात घेतानाच देणे वजा करून ती परत करावी, असे सुचविले आहे. पण तो नमुनाच. राज्याने आपला कायदा केला तरच त्याला दात येतात.

म्हणून आमचे मागणे नवे नाही. १९३६ साली कामगाराला पगारासाठी जे मिळाले, तेच भाडेकरूला अनामतीसाठी मिळावे. दोष त्याचाच असल्याशिवाय कपात नको, प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक कपात नको, आणि त्याचे म्हणणे ऐकून लेखी हिशेब दिल्याशिवाय कपात नको. तोवर निदान आपल्या हातातले तरी करावे. जागा घेताना भिंती, फरशी, नळ आणि असेल तर गालिचा यांची यादी करावी, फोटो काढावेत, दोघांच्या सह्या घ्याव्यात, करार नोंदवावा, पावती मागावी. मालकांनीही हे आनंदाने करावे. त्यात त्यांचेही रक्षण आहे. या सभेत भाडेकरू बसले आहेत तसे मालकही बसले आहेत. गिरणीतली कपात थांबली ती मालक सज्जन झाले म्हणून नव्हे. कापण्याआधी विचारले पाहिजे, असा नियम झाला म्हणून थांबली. घराच्या बाबतीत तो नियम अजून व्हायचा आहे.