अॅनिमेशनपटाची मूळ प्रत

अॅनिमेशनपट पुरा झाल्यावर तो कोणत्या रूपात बाहेर काढावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक नसून इतिहासाचाही आहे. दादासाहेब फाळके यांचा १९१५ सालचा ‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तर १९६४ साली स्थापन झाले. आज प्रसारासाठी एमपी४ प्रत सोयीची खरी. परंतु आकार लहान करताना तीतील तपशील बहुधा कायमचा गळतो. म्हणून मूळ संहितेतील प्रत्येक चौकट स्वतंत्र पीएनजी फाइलमध्ये जतन करावी, ध्वनी निराळा ठेवावा आणि सेकंदास चौकटी किती, हेही नोंदवावे. एरवी पुढील संशोधकाच्या हाती केवळ शीर्षक उरेल.