घरगुती कचऱ्याचे नियोजन : पालिका आणि नागरिकांचा सहभाग

देशातील शहरांमधून दररोज निर्माण होणाऱ्या घनकचऱ्याचे प्रमाण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१-२२ च्या वार्षिक अहवालानुसार सुमारे १ लाख ७० हजार टन होते. त्यापैकी सुमारे ९१ हजार टनांवर प्रक्रिया झाली आणि ४१ हजार टनांहून अधिक कचरा जमिनीवर टाकण्यात आला. या कचऱ्याचे डोंगर किती धोकादायक ठरतात हे अलीकडच्या काही घटनांनी दाखवून दिले आहे. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईतील देवनार क्षेपणभूमीला मोठी आग लागली. १ सप्टेंबर २०१७ रोजी दिल्लीतील गाझीपूर येथे कचऱ्याचा ढिगारा कोसळून दोघांचा मृत्यू झाला. मार्च २०२३ मध्ये कोचीजवळील ब्रह्मपुरम येथील आग अनेक दिवस धुमसत राहिली आणि शहरावर धुराची छाया पसरली.

कचरा उचलून शहराबाहेर नेऊन टाकणे, एवढाच नियोजनाचा अर्थ अनेक वर्षे मानला गेला. ज्या घरांतून कचरा निघतो, जे हात तो वेगळा करतात आणि ज्या गावाच्या वेशीवर तो पडतो, त्यांना योजना आखताना क्वचितच विचारले गेले. हे तिन्ही घटक नियोजनात सहभागी झाले तेथे स्थिती बदलल्याचे पुणे, आलप्पुळा, अंबिकापूर आणि वेंगुर्ले येथील अनुभवावरून दिसून येते.

कायद्याची चौकट

१९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा दिला. ही दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येण्याजोग्या विषयांत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा व्यवस्थापन यांचा समावेश आहे. तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या स्थापन करण्याची तरतूदही याच दुरुस्तीने केली. कचऱ्याचा निर्णय नागरिकांच्या जवळच्या पातळीवर व्हावा, यासाठीची जागा अशा रीतीने घटनेतच निर्माण झाली आहे.

अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेमुळे या प्रश्नाला देशव्यापी स्वरूप आले. त्यानंतर नागरी घनकचऱ्याविषयीचे नियम २००० मध्ये लागू झाले. वर्गीकरणात लोकसहभाग मिळवण्यासाठी पालिकेने दर तीन महिन्यांनी रहिवासी संघ आणि स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींबरोबर बैठक घ्यावी, अशी स्पष्ट सूचना त्या नियमांत होती. प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत देण्यात आली होती. बहुसंख्य शहरांना ती पाळता आली नाही.

२०१६ च्या नियमांनी घराघरांत ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा असे तीन भाग करणे बंधनकारक केले. राज्याचे धोरण ठरवताना कचरावेचक आणि बचत गटांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमय करावा, तसेच स्थानिक संस्थांनी कचरावेचकांना आपल्या व्यवस्थेत सामावून घ्यावे, असेही त्यांत म्हटले होते. जानेवारी २०२६ मध्ये या नियमांची जागा घेणारे नवे नियम अधिसूचित झाले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरवण्यात आली. त्यांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजी घेण्याजोगा असे चार वर्ग करण्यात आले आहेत.

पुणे : कचरावेचकांशी करार

पुणे शहराचा कचरा १९९० च्या दशकापासून उरुळी देवाची आणि पुढे फुरसुंगी या गावांच्या हद्दीतील डेपोवर जात असे. दुर्गंधी, माश्या आणि विहिरींचे दूषित पाणी यांमुळे त्रासलेल्या ग्रामस्थांनी अनेकदा कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला लागलेल्या आगीनंतरचे आंदोलन सुमारे तीन आठवडे चालले. त्या काळात शहराच्या रस्त्यांवर कचरा साचला आणि एका गावाची तक्रार साऱ्या शहराची अडचण बनली.

याच शहरात कचरावेचकांची संघटनाही आकाराला आली. कागद, काच, पत्रा वेचून चरितार्थ चालवणाऱ्या महिलांचे प्रमाण या व्यवसायात मोठे आहे. १९९३ मध्ये त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. या संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली. २००८ मध्ये पुणे महापालिकेने तिच्याशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. पूर्वी कचराकुंडीत उतरून माल वेचणारी महिला आता ओळखपत्रासह घराच्या दारात जाऊ लागली. तिला नागरिकांकडून ठरावीक मासिक शुल्क मिळते. सुक्या मालाच्या विक्रीचे उत्पन्नही तिचेच राहते. साधने आणि व्यवस्थापनाचा काही खर्च महापालिका उचलते.

कचरावेचकांचा अनुभव धोरणापर्यंत पोहोचल्याचे एक उदाहरण सॅनिटरी पॅड आणि डायपरचे आहे. उघड्यावर किंवा इतर कचऱ्यात मिसळून दिलेले पॅड हाताळावे लागणे हा या महिलांच्या आरोग्याचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न होता. तो त्यांनी सातत्याने मांडला. २०१६ च्या नियमांत असा कचरा गुंडाळून देण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकण्यात आली आणि त्यासाठी पाकीट पुरवण्याची अपेक्षा उत्पादकांकडून करण्यात आली. कागदात गुंडाळलेल्या पॅडवर लाल ठिपका काढून ते वेगळे द्यावे, यासाठी पुण्यात २०१७ मध्ये मोहीमही राबवण्यात आली.

या व्यवस्थेची एक मर्यादाही आहे. करार मुदतीचा असल्याने त्याच्या नूतनीकरणाचा प्रश्न वेळोवेळी उपस्थित झाला आणि हजारो कुटुंबांच्या उपजीविकेवर अनिश्चिततेचे सावट आले.

आलप्पुळा : ओला कचरा घरातच

केरळमधील आलप्पुळा हे कालव्यांचे शहर. तेथील कचरा शेजारच्या पंचायतीतील सर्वोदयपुरम येथील केंद्रावर जात असे. २०१२ मध्ये तेथील रहिवाशांनी शहराचा कचरा स्वीकारण्यास विरोध केला आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. दुसऱ्या गावात नवी जागा शोधण्याचा मार्ग पालिकेपुढे होता. मात्र ओला कचरा शक्य तेथे निर्माण होतो त्याच जागी जिरवण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. ‘निर्मल घर, निर्मल नगर’ अशा अर्थाच्या नावाची मोहीम त्याच वर्षी काही निवडक प्रभागांत सुरू झाली.

घरी जागा असलेल्या कुटुंबांना अनुदानावर नळीखत संच किंवा छोटे बायोगॅस संयंत्र देण्यात आले. नळीखत पद्धतीत जमिनीत उभ्या केलेल्या दोन नळ्यांचा आळीपाळीने वापर होतो. एक नळी भरली की ती झाकून ठेवतात आणि दुसरी वापरात आणतात. ज्यांच्याकडे जागा नव्हती त्यांच्यासाठी सार्वजनिक ठिकाणी हवेशीर कुंड्या बांधण्यात आल्या. त्यांत शेण, पालापाचोळा आणि ओला कचरा यांचे थर रचले जातात आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते.

केरळमध्ये १९९६ च्या लोकयोजना मोहिमेपासून विकासकामांचे नियोजन खालच्या पातळीवरील सभांतून करण्याची परंपरा आहे. तिचा लाभ या प्रयोगाला झाला. कोणत्या घराला कोणते साधन सोयीचे आणि कुंडी कोठे बांधावी, हे प्रभागाच्या पातळीवर ठरवता आले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०१७ मध्ये कचरा व्यवस्थापनासाठी उल्लेखिलेल्या जगातील पाच शहरांत आलप्पुळाचा समावेश केला.

अंबिकापूर आणि वेंगुर्ले : लहान शहरांचा अनुभव

छत्तीसगडमधील अंबिकापूर येथे २०१५ मध्ये महिला बचत गटांकडे घरोघरच्या संकलनाचे काम सोपवण्यात आले. या महिला हातगाड्या आणि रिक्षांमधून कचरा आणतात, प्रभागांतील केंद्रांमध्ये तो निरनिराळ्या प्रकारांत निवडतात आणि विक्रीयोग्य माल विकतात. नागरिकांचे शुल्क आणि मालाची विक्री यांतून त्यांचे मानधन निघते. शहराच्या जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग फुलली. पुढे छत्तीसगड सरकारने हीच पद्धत राज्यातील इतर शहरांत नेली.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले हे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ हजार वस्तीचे शहर. तेथील नगरपरिषदेने घरातच वर्गीकरणाचा आग्रह धरला आणि केंद्रात आलेल्या कचऱ्याचे २७ प्रकारांत विभाजन केले. ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत तयार झाले, तर प्लास्टिकचा वापर रस्त्यांच्या कामात करण्यात आला. एके काळी नाक दाबून ओलांडावी लागणारी जागा ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ म्हणून लोक पाहायला येऊ लागले. मोठा निधी आणि अवजड यंत्रे नसलेल्या पालिकांसाठी हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

प्रभाग आराखड्याचे टप्पे

या अनुभवांतून प्रभागाचा आराखडा तयार करण्याचे काही टप्पे स्पष्ट होतात.

मोजणी : किमान आठवडाभर निवडक घरांतील कचऱ्याचे वजन करावे. सणासुदीचे दिवस आणि पावसाळा यांत प्रमाण बदलते, हे ध्यानात घ्यावे. समजा, एका प्रभागात ५०० कुटुंबे आहेत आणि प्रत्येक घरातून दिवसाला दीड किलो कचरा निघतो, तर एकूण ७५० किलो कचरा होतो. त्यातील निम्मा ओला असल्यास सुमारे ३७५ किलोंची खतनिर्मितीची सोय प्रभागातच लागेल. असा आकडा समोर असला की चर्चा नेमकी होते.

नोंद : प्रभागात काम करणारे कचरावेचक, सफाई कामगार, भंगार व्यावसायिक, मोकळ्या जागा आणि कचरा टाकण्याची नेहमीची ठिकाणे यांची यादी करावी. आधीपासून चालू असलेली व्यवस्था मोडून नवी उभारण्यापेक्षा तिला सामावून घेणे कमी खर्चाचे असते.

सभा : नगरसेवक, आरोग्य निरीक्षक, रहिवासी, झोपडपट्टीतील प्रतिनिधी, दुकानदार आणि कामगार एकत्र बसावेत. घंटागाडीची वेळ, शुल्काचा दर आणि खतप्रकल्पाची जागा हे तीन विषय सभेतच ठरावेत. नोकरीला जाणाऱ्या महिलांना घंटागाडीची वेळ गैरसोयीची असेल, तर कचरा पुन्हा कोपऱ्यावर जाऊन पडतो. अशा अडचणी कार्यालयातील कागदावर दिसत नाहीत.

जबाबदारी : कोणी काय करायचे हे लेखी असावे. नागरिकांनी कचरा वेगळा करावा. पालिकेने तो वेगळाच वाहून न्यावा. घरात वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र होताना दिसला, तर लोकांचा विश्वास उडतो आणि तो परत मिळवणे कठीण जाते.

आढावा : किती घरे वर्गीकरण करतात, किती कचरा डेपोवर गेला आणि तक्रारींचे काय झाले, याची माहिती दर तीन महिन्यांनी सभेपुढे ठेवावी.

अडचणी

लोकसहभाग सुरू करण्यापेक्षा टिकवणे अवघड असते. मुंबई महापालिकेने १९९७ मध्ये गल्ली आणि मोहल्ल्याच्या पातळीवर ‘एएलएम’ ही नागरिक गटांची योजना सुरू केली. अनेक ठिकाणी या गटांनी गांडूळखत आणि वर्गीकरणाचे चांगले काम केले. मात्र पुढाकार घेणारे मोजके रहिवासी थकले किंवा स्थलांतरित झाले तेथे गट निष्क्रिय झाले. ऑक्टोबर २०१७ पासून मुंबईतील मोठ्या गृहसंकुलांना आपल्या ओल्या कचऱ्यावर आवारातच प्रक्रिया करण्यास सांगण्यात आले, तेव्हाही तयारीअभावी मुदती वाढवून द्याव्या लागल्या. आदेशाबरोबर प्रशिक्षण, जागा आणि तांत्रिक मदत यांची जोड लागते, हा त्यातील धडा आहे.

दुसरी अडचण समानतेची आहे. सभांमध्ये सुस्थितीतील वसाहतींचा आवाज मोठा असतो. खतप्रकल्प सर्वांना हवा असतो, पण आपल्या इमारतीशेजारी नको असतो. त्यामुळे तो गरीब वस्तीच्या कडेला ढकलला जाण्याचा धोका राहतो. शुल्काचा दर ठरवतानाही वस्त्यांची ऐपत विचारात घ्यावी लागते. यंत्राधारित मोठे प्रकल्प आणि ठेकेदारी आल्यावर कचरावेचकांच्या हातून सुका माल जाण्याची भीतीही खरी आहे.

तिसरी अडचण प्रशासकीय आहे. निवडणुका लांबून पालिकांवर प्रशासक असतो तेव्हा प्रभागाचा प्रतिनिधीच नसतो आणि सभांची साखळी तुटते. अशा काळात रहिवासी संघ, बचत गट आणि आरोग्य विभाग यांची बैठक नियमित चालू राहिली, तरच आराखडा जिवंत राहतो.

दर तिमाहीला पालिका आणि नागरिकांनी एकत्र बसावे, ही २००० च्या नियमांतील अपेक्षा साधी होती. नियम बदलले, वर्ग वाढले, यंत्रेही आली; मात्र त्या बैठकीला पर्याय निर्माण झालेला नाही. शहरातील घरे आपला ओला कचरा आपल्या प्रभागात जिरवू लागली, तर कचरा निवडणाऱ्या महिलेच्या हाती स्वच्छ माल येतो आणि डेपोशेजारच्या गावाला मोकळा श्वास घेता येतो.