पांढऱ्या उजेडाचा हेडलाइट : रात्री खरेच जास्त दिसते का?

पुणे–नाशिक महामार्गावर भोसरी, मोशी, चाकण ते राजगुरुनगर असा रोज रात्री प्रवास करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. "डॉक्टर, गाडीचा लाइट पिवळा पडतो, रस्ता नीट दिसत नाही. पांढरा एलईडी टाकून घेऊ का?" हा प्रश्न मेकॅनिकचा आहे असे तुम्हाला वाटेल. पण रात्री नीट न दिसण्याची कारणे दिव्यात असतात, काचेत असतात आणि अनेकदा डोळ्यांतही असतात. डोळ्यातला दोष तसाच राहिला आणि फक्त बल्ब बदलला, तर पैसे जातात आणि आजार मात्र वाढत राहतो.

कंपनीने दिलेला बल्ब काढून पांढरा बल्ब बसवल्याने तुमच्या व समोरच्याच्या डोळ्यांवर काय परिणाम होतो, आणि त्याआधी काय तपासायला हवे, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात महत्त्वाचे

- पांढरा उजेड म्हणजे जास्त उजेड नव्हे. रंग आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
- हॅलोजनसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये एलईडी बसवला की प्रकाश विखुरतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात.
- चाळिशीनंतर रात्री कमी दिसू लागले असेल, तर आधी डोळे तपासा.
- मधुमेह असेल, तर दिसण्याची तक्रार नसली तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्या.

डोळा अंधारात कसा पाहतो?

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात. रंग आणि बारकावे त्यांच्यामुळे दिसतात. दंडपेशी मंद उजेडात काम करतात. उजेडातून अंधारात गेल्यावर दंडपेशींना पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीच्या लख्ख उजेडातून थेट अंधाऱ्या रस्त्यावर आलात, तर पहिली काही मिनिटे कमी दिसते ते यामुळेच. त्या वेळी वेग कमी ठेवा.

अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर अचानक प्रखर झोत आला की डोळे दिपतात. झोत निघून गेल्यावरही दृष्टी पूर्ववत व्हायला काही सेकंद जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. म्हणजे तीन सेकंद नीट दिसले नाही, तर तुम्ही जवळपास ५० मीटर अंदाजाने गाडी चालवलेली असते. त्या ५० मीटरमध्ये रस्ता ओलांडणारा कामगार असू शकतो, किंवा मागे दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली.

पांढरा आणि जास्त, यातला फरक

प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात आणि प्रमाण ल्युमेनमध्ये. साध्या हॅलोजन बल्बचा रंग सुमारे ३,२०० केल्विन, म्हणजे पिवळसर असतो. बाजारातले पांढरे एलईडी बहुधा ५,००० ते ६,५०० केल्विनचे असतात. हा आकडा वाढला की उजेड निळसर होतो, वाढतोच असे नाही. निळसर थर दिलेले हॅलोजन बल्ब तर आपल्याच प्रकाशातला पिवळा भाग अडवून पांढरे दिसतात, म्हणून त्याच वॅटच्या साध्या बल्बपेक्षा ते जास्त उजेड देत नाहीत.

पांढऱ्या उजेडात जास्त दिसते ही भावना अगदीच खोटी नाही. दंडपेशी निळसर प्रकाशाला जास्त प्रतिसाद देतात, त्यामुळे रस्त्याच्या कडेची हालचाल थोडी लवकर लक्षात येऊ शकते. कंपनीतूनच एलईडी हेडलाइट बसवून आलेल्या गाड्यांना याचा फायदा होतो, कारण त्यांचा आरसा आणि भिंग त्या दिव्यासाठीच बनवलेले असतात.

जुन्या हेडलाइटमध्ये नुसता बल्ब बदलला की हे गणित बिघडते. हॅलोजनच्या बल्बमध्ये तार नेमक्या एका जागी असते आणि आरशाचा प्रत्येक वळसा त्या जागेच्या हिशेबाने घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये प्रकाश देणाऱ्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना असतात. प्रकाशाची जागा बदलली की झोत विस्कटतो. थोडा प्रकाश वर, समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि थोडा गाडीच्या अगदी पुढ्यात पडतो. पुढ्यातला रस्ता लख्ख दिसल्याने चालकाला समाधान वाटते, पण त्या झगमगाटामुळे दूरचा अंधार आणखी गडद वाटतो. धोका तर दूरच असतो.

जास्त वॅटचे हॅलोजनही असेच. नेहमीचा एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्याजागी १००/९० वॅटचा टाकला, तर उष्णतेने आरशाचा मुलामा, होल्डर आणि वायरिंग खराब होऊ शकते.

कोणाला त्रास जास्त होतो?

*वय ४० च्या पुढे :* वयाबरोबर बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही आणि डोळ्यातले भिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीच्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. दिपल्यानंतर सावरायलाही वेळ जास्त लागतो.

*मोतीबिंदू :* सुरुवातीला दिवसा काहीच तक्रार नसते. रात्री मात्र समोरच्या दिव्याभोवती प्रकाशाची फुले किंवा किरणे पसरलेली दिसतात. अशा डोळ्याला जास्त पांढऱ्या उजेडाचा उपयोग होत नाही, त्रासच होतो.

*मधुमेह :* साखर वरखाली झाली की नजर धूसर होते. पडद्यावर परिणाम झाला असेल किंवा त्यासाठी लेसर उपचार घेतले असतील, तर रात्रीची दृष्टी कमी होऊ शकते.

*चष्म्याचा नंबर :* मायनस किंवा तिरपा नंबर थोडा बदलला तरी तो आधी रात्री जाणवतो. ओरखडे पडलेला चष्मा किंवा हेल्मेटची काच हेही नेहमी आढळणारे कारण आहे.

*कोरडे डोळे :* दिवसभर मशीन, वेल्डिंग किंवा स्क्रीनसमोर काम आणि येताना एसीचा झोत. यामुळे दिवे पसरलेले दिसतात.

*रातांधळेपणा :* 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता किंवा पडद्याचा आनुवंशिक आजार यांमुळे होतो. लहानपणापासून अंधारात ठेच लागत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना जरूर सांगा.

वाहन परवान्यासाठी भरायच्या फॉर्म १ मध्ये रातांधळेपणाबद्दल स्वतंत्र प्रश्न असतो. नंबरप्लेट वाचण्याचा प्रश्न मात्र २५ मीटरवरून, दिवसाच्या चांगल्या उजेडातला असतो. परवाना आहे म्हणजे रात्रीची नजर चांगली आहे, असे समजू नका.

बल्ब बदलण्याआधी हे करा

१. समोरची काच आतून पुसा. बाहेरची काच सगळे धुतात. आतल्या बाजूला साचलेला तेलकट थर राहून जातो. समोरून उजेड आला की तोच चमकतो.

२. हेडलाइटची काच पाहा. प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी, धुरकट होते. ती पॉलिश केल्यावर किंवा बदलल्यावर बऱ्याच जणांची तक्रार तिथेच संपते.

३. फोकस तपासा. सपाट जागेवर, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजळ पट्ट्याची वरची कडा हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून डाव्या बाजूला कडा थोडी वर चढलेली असते. तो दोष नव्हे. मागे माणसे किंवा सामान जास्त असेल, तर गाडीतल्या चाकाने फोकस खाली घ्या.

४. बल्ब आणि वायरिंग तपासून घ्या. हॅलोजनला मिळणारा दाब १० टक्क्यांनी कमी झाला, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाडीत गंजलेले कनेक्शन हे मंद उजेडाचे मोठे कारण असते. चांगल्या कंपनीचा, मूळ वॅटचा नवा बल्ब दोन्ही बाजूंना एकदम टाका.

५. डोळे तपासा. वरील सगळे करूनही फरक पडला नाही, तर दोष तुमच्यात असण्याची शक्यता जास्त आहे. वय ४० च्या पुढे असेल किंवा मधुमेह असेल, तर ही पायरी पहिली समजा.

बल्ब स्वतः बदलत असाल, तर दिवा बंद करून थंड होऊ द्या. हॅलोजनची काच अतिशय तापते. भाजल्यास त्या जागी २० मिनिटे वाहते साधे पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नका. एचआयडी दिव्याच्या सर्किटमध्ये हजारो व्होल्टचा दाब तयार होतो, त्याला घरी हात लावू नका.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ नुसार पुढच्या दिव्याचा झोत खाली वळलेला असावा लागतो. दिव्यापासून ८ मीटरवर, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला तो दिपवणारा नसावा. ही उंची साधारणपणे दुचाकीस्वाराच्या किंवा पायी चालणाऱ्याच्या डोळ्यांची आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दुकानदार "चालतंय सगळं" म्हणाला, तरी जबाबदारी गाडीमालकाची असते.

समोरून झोत आला तर काय करावे?

- दिव्याकडे पाहू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवा आणि वेग कमी करा.
- बदला म्हणून अप्पर मारू नका. दिपलेले दोन चालक एका दिपलेल्यापेक्षा जास्त धोकादायक असतात.
- गाडीतला आतला दिवा बंद आणि मोबाइल-स्क्रीनचा उजेड कमी ठेवा.
- काहीच दिसेनासे झाले, तर इंडिकेटर देऊन सुरक्षित जागी कडेला थांबा.
- पायी किंवा सायकलने जात असाल, तर कंपनीचे रिफ्लेक्टर जॅकेट गेटवर काढून ठेवू नका. अंगात घालूनच घरी जा.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

पुढील तक्रारींसाठी काही दिवसांत नेत्रतज्ज्ञांकडे जा : दिव्याभोवती वलये दिसणे, रात्री गाडी चालवायची भीती वाटू लागणे, नंबर वारंवार बदलणे, बाजूचे कमी दिसणे.

पुढील तक्रारी असतील, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा :

- डोळा लाल होऊन तीव्र दुखणे, मळमळ आणि दिव्याभोवती रंगीत वलये. हा अचानक वाढलेल्या डोळ्यातील दाबाचा, म्हणजे काचबिंदूचा झटका असू शकतो.
- अचानक विजेसारखे चमकणे, काळे ठिपके वाढणे किंवा नजरेवर पडदा आल्यासारखे वाटणे.
- एका डोळ्याने एकदम दिसेनासे होणे.

ईएसआय कार्ड असलेल्या कामगारांना चिंचवडच्या मोहननगर येथील ईएसआय रुग्णालयाचा आणि इतरांना पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयाचा पर्याय आहे. बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते. तपासणीला स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कोणाला तरी सोबत न्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रात्री पिवळा चष्मा लावल्याने फायदा होतो का?
नाही. दिपणे थोडे कमी वाटले, तरी डोळ्यात जाणारा एकूण प्रकाश घटतो आणि अंधारातला माणूस उशिरा दिसतो. आवश्यक असेल, तर योग्य नंबरचा, परावर्तनरोधक थर असलेला साधा पारदर्शक चष्मा घ्या.

धुक्यात पिवळा दिवा आरपार जातो का?
धुक्याचे थेंब सगळ्याच रंगांचा प्रकाश जवळपास सारखाच विखुरतात. फॉग लॅम्प उपयोगी पडतो तो खाली बसवलेला असतो आणि त्याचा झोत वर जात नाही म्हणून. धुक्यात व जोरदार पावसात डिपरच ठेवा.

समोरच्या एलईडीमुळे डोळे कायमचे खराब होतात का?
जाता-येता क्षणभर पडणाऱ्या झोताने पडद्याला इजा होत नाही. खरा धोका त्या क्षणी होणाऱ्या अपघाताचा आहे. पेटलेल्या दिव्यात जवळून टक लावून मात्र पाहू नका.

गाजर किंवा 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का?
गाजर, पालेभाज्या, पपई जरूर खा. पण मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर त्याने जात नाही. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घेऊ नका. जास्त मात्रा अपायकारक असते, विशेषतः गरोदरपणात.

डोळे आणि गाडी दोन्ही ठीक आहेत, तरी पाळी संपवून येताना नीट दिसत नाही. असे का?
थकवा आणि झोप हे कारण असू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनीही गुंगी येते आणि नजर धूसर होते. अशा वेळी कंपनीच्या बसने या, किंवा थोडी झोप काढून मगच निघा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तक्रारीचे निदान आणि उपचार प्रत्यक्ष तपासणीनंतरच ठरवता येतात.*