ऑक्साइड आम्लधर्मी की आम्लारिधर्मी? आवर्तसारणीत जागा बघा

आवर्तसारणी पाठ करत बसू नका, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. तिसरं आवर्त डावीकडून उजवीकडे एकदा नीट बघा. सोडिअमचं ऑक्साइड पाण्यात टाकलं की कॉस्टिक सोडा तयार होतो. मॅग्नेशिअमचं जेमतेम विरघळतं, पण तेही आम्लारिधर्मीच. उजवीकडे फॉस्फरस, सल्फर, क्लोरीन यांची ऑक्साइडं आम्लधर्मी. सल्फर ट्रायऑक्साइडपासून तर थेट सल्फ्युरिक आम्ल. सिलिकॉनचं ऑक्साइड म्हणजे आपली वाळू. ती पाण्याला दाद देत नाही, तरी गणना आम्लधर्मीतच.

खरी गंमत मधल्या ॲल्युमिनिअमची. त्याचं ऑक्साइड उभयधर्मी, म्हणजे आम्लाशीही अभिक्रिया करतं आणि आम्लारीशीही. १८८८ च्या सुमारास कार्ल बायर यांनी हेच वापरलं: बॉक्साइट दाबाखाली गरम कॉस्टिक सोड्यात घातलं की ॲल्युमिनिअमचा भाग विरघळतो, लोखंडाचं ऑक्साइड तांबडा चिखल होऊन मागे उरतं. कारखान्यांत आजही मुख्यतः हीच पद्धत चालते.

घरात मात्र हाच गुण घातक. ॲल्युमिनिअमच्या भांड्याला ऑक्साइडचा पातळ थर सांभाळतो. अशा भांड्यात कॉस्टिक सोड्याची ड्रेन पावडर कालवली तर थर विरघळतो, उघडा पडलेला धातू तापतो आणि हायड्रोजन सुटतो. तो पेट घेऊ शकतो. त्या कामाला ॲल्युमिनिअमचं जुनं पातेलंसुद्धा घेऊ नका.