‘जॉन बोज’ : एका कोळसावाहू बोटीची गोष्ट

औद्योगिक क्रांतीच्या धड्यात आपण वॅट आणि स्टीफन्सन पाठ केले. पण ज्या बोटींनी त्या क्रांतीचे ओझे वाहिले, त्यांतल्या एकीचेही नाव आपल्या वहीत आले नाही. म्हणून या स्मरणिकेत एका बोटीविषयी चार शब्द.

लंडनच्या शेगड्या आणि रस्त्यांवरचे गॅसचे दिवे जळत ते प्रामुख्याने ईशान्य इंग्लंडच्या कोळशावर. तो शिडाच्या जहाजांतून येई. वारा प्रतिकूल झाला की जहाजे अडकत आणि लंडनला भाव चढत. त्यातच रेल्वे इतर खाणींचा कोळसा थेट राजधानीत आणू लागली. टाइन नदीकाठच्या खाणमालकांची बाजारपेठ हातची जाण्याची वेळ आली.

त्यांतलेच एक भागीदार चार्ल्स मार्क पामर यांनी जॅरो येथे लोखंडी आगबोट बांधली आणि दुसऱ्या भागीदाराचे नाव तिला दिले. ३० जून १८५२ रोजी ‘जॉन बोज’ पाण्यात उतरली. शिडाच्या जहाजापेक्षा ती कितीतरी महाग, म्हणजे डाव मोठाच होता. पण पहिल्याच फेरीत ६५० टन कोळसा चार तासांत भरला, ४८ तासांत लंडन गाठले, एका दिवसात माल उतरवला आणि ४८ तासांत बोट परत आली. एवढ्या कामाला शिडाच्या दोन जहाजांना महिना लागे.

खरी मेख परतीच्या प्रवासात होती. रिकामे जहाज समुद्रात कलंडू नये म्हणून तळाशी वाळू किंवा खडी भरावी लागे. ती भरण्यात आणि उपसण्यात वेळ, पैसा व मजुरी जाई. त्याऐवजी समुद्राचेच पाणी आत घेऊन पंपाने बाहेर टाकण्याची युक्ती अशा बोटींवर रुळली.

या वेगाची किंमत माणसांनी मोजली. बंदरातला विसावा कमी झाला आणि खाली भट्टीपाशी कोळसा ओढणाऱ्यांचे एक नवे कष्टकरी जग उभे राहिले.

‘जॉन बोज’ची इंजिने बदलली, मालक बदलले, नावेही बदलली. अखेर १९३३ मध्ये स्पेनच्या किनाऱ्याजवळ ती बुडाली, तेव्हाही ती मालच वाहत होती. ८१ वर्षांची नोकरी! आपल्यातल्या निवृत्तांनी हेवा करावा अशी.