झेंडूचा पिवळा रंग

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मीरा रोड स्थानकाबाहेर पडले की पाय ठेवायला जागा नसते. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर झेंडूचे ढीग, शेजारी आंब्याच्या डहाळ्या आणि आपट्याची पाने. पूनम सागरमधील इमारतींच्या दारांवर दुसऱ्या दिवशी याच फुलांची तोरणे लागतात. वर्षभर कुंडीतला झेंडू शोभेसाठी असतो. त्या दिवशी तो पूजेचा होतो.

याच वस्तीतील औषधांच्या दुकानातही झेंडू मिळतो, पण तिथे तो ओळखू येत नाही. डोळ्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही गोळ्यांच्या वेष्टनावर ‘ल्युटीन’ असे लिहिलेले असते आणि पुढे ‘नैसर्गिक अँटिऑक्सिडंट’ हे शब्द. हे ल्युटीन बहुधा झेंडूच्याच पाकळ्यांतून काढलेले असते. मग चौकस विद्यार्थी विचारतो, ‘फुलात अँटिऑक्सिडंट आहे, तर ते जितके जास्त खाऊ तितके चांगले ना?’ प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर मिळवायला विज्ञानाला बराच काळ लागला आणि त्यासाठी काही माणसांना मोठी किंमत मोजावी लागली. तो इतिहास आपण पाहू.

परदेशी पाहुणा

झेंडू मूळचा आपला नव्हे, हे सांगितले की वर्गात आश्चर्य व्यक्त होते. त्याचे मूळ घर मेक्सिको. तिथले अझ्टेक लोक त्याला ‘वीस फूल’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. वीस म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे. आजही तिथे नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत मृतांच्या स्मरणार्थ घरे आणि थडगी याच फुलांनी सजवतात. स्पॅनिश लोकांनी मेक्सिको जिंकल्यानंतर हे झाड युरोपात गेले. जर्मन वैद्य लिओनहार्ट फुक्स यांच्या १५४२ सालच्या वनस्पतिग्रंथात मका आणि मिरची यांच्याबरोबर झेंडूही आला आहे. १७५३ मध्ये लिनियस यांनी त्याला टॅजेटिस इरेक्टा हे शास्त्रीय नाव दिले. इंग्रजीत मात्र त्याला ‘आफ्रिकी’ म्हणण्याची चूक आजपर्यंत चालू आहे!

भारतात झेंडू पोर्तुगिजांबरोबर आला असे सामान्यतः मानले जाते. मीरा रोड ज्या साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी आहे, ते बेट आणि खाडीपलीकडची वसई १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होती. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली, तोवर दोनशे वर्षे उलटली होती. मिरची, पेरू, अननस, काजू ही अमेरिकेची झाडे त्या काळात आपल्याकडे रुजली. झेंडू त्यांच्यातलाच. पण मिरचीने स्वयंपाकघर घेतले, झेंडूने उंबरठा.

रंगाला नाव मिळाले

पाकळ्यांचा पिवळा रंग म्हणजे नेमके काय, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८३१ मध्ये वाकेनरोडर या जर्मन रसायनज्ञाने गाजरातून नारिंगी द्रव्य वेगळे केले, ते कॅरोटीन. १८३७ मध्ये स्वीडनचे बर्झेलियस यांनी शरद ऋतूतील पिवळ्या पानांतल्या द्रव्याला झँथोफिल म्हटले. पण पानातले सगळे रंग एकमेकांत मिसळलेले असतात. त्यांची फाळणी करायची कशी?

ही युक्ती मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधली. काचेच्या नळीत खडूची भुकटी भरायची, वरून पानांचा अर्क ओतायचा आणि मग द्रावक सोडत राहायचे. प्रत्येक रंग खडूला कमी-अधिक चिकटतो, त्यामुळे नळीत हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे उमटतात. १९०६ मध्ये त्यांनी या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. आज औषधांपासून कीटकनाशकांच्या अंशांपर्यंत असंख्य पदार्थ तपासणारी ही पद्धत पानांच्या रंगांतून जन्मली आहे.

१९१२ मध्ये रिचर्ड विल्श्टेटर आणि त्यांचे सहकारी एशर यांनी अंड्याच्या बलकातले पिवळे द्रव्य वेगळे केले. ते ल्युटीन. त्याच्या रेणूत कार्बनचे ४०, हायड्रोजनचे ५६ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. कॅरोटीनमध्ये हे दोन ऑक्सिजन अणू नसतात. दोघे एकाच कुळातले, म्हणजे कॅरोटिनॉइड. कोंबडी ल्युटीन स्वतः तयार करीत नाही, ते तिला खाद्यातून मिळते. म्हणूनच कुक्कुटपालनाच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळला, की बलक गडद पिवळा होतो. झेंडूला मोठे औद्योगिक गिऱ्हाईक मिळाले ते या बलकामुळे. कर्नाटकात गुंडलुपेटच्या परिसरातील शेतांत झेंडू हारांसाठी नव्हे, तर अर्कासाठी पिकतो.

संरक्षण कोणापासून?

‘अँटिऑक्सिडंट’ ही कल्पना मात्र फुलांतून आली नाही. ती आली युद्धातून. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये ॲक्रोलीन हा विषारी पदार्थ वापरण्याचे प्रयत्न चालले होते, पण तो हवेत टिकेना. मूरू आणि ड्यूफ्रेस या रसायनज्ञांना १९१७ मध्ये दिसले की हायड्रोक्विनोनसारखा पदार्थ अगदी थोडा घातला तरी तो टिकतो. हवेतील ऑक्सिजनला अडवणाऱ्या अशा पदार्थांना त्यांनी ‘प्रतिऑक्सिजन’ अशा अर्थाचे नाव दिले. पुढे रबर चिरकू नये आणि तेले खवट होऊ नयेत म्हणून अशी द्रव्ये वापरात आली.

सजीवांतही असे काही असेल का? याचे एक सुंदर उत्तर १९५५ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे स्टॅनियर आणि सहकाऱ्यांनी दिले. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या एका जिवाणूचा त्यांना निळसर हिरवा उत्परिवर्ती प्रकार मिळाला होता. त्यात रंगीत कॅरोटिनॉइड तयारच होत नव्हती. हा जिवाणू ऑक्सिजनविना उजेडात मजेत वाढे. हवेत पण अंधारातही तो जगे. परंतु उजेड आणि हवा दोन्ही एकत्र मिळाली की तो मरे. मूळचा, रंगीत कॅरोटिनॉइड असलेला जिवाणू मात्र जगत राही.

कारण असे : प्रकाश शोषून उत्तेजित झालेले हरितद्रव्य आपली जादा ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देऊ शकते. असा उत्तेजित ऑक्सिजन (त्याला सिंग्लेट ऑक्सिजन म्हणतात) पेशीतील मेदावर आणि प्रथिनांवर तुटून पडतो. १९६८ मध्ये फूट आणि डेनी यांनी दाखवले की कॅरोटीन त्याची ही जादा ऊर्जा काढून घेते. ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते आणि कॅरोटीनचा रेणू पुन्हा कामाला तयार होतो. ल्युटीनही हेच करते. हिरव्या पानात ते असते ते मुख्यतः प्रकाश आणि ऑक्सिजन यांच्या या जोडीला सांभाळण्यासाठी. पाकळीत त्याच कुळातील रंग कीटकांना बोलावण्याच्या कामी येतो. रेणू तोच, जागा बदलली की काम बदलले.

झेंडूच्या मुळांत तर याच्या उलट गंमत आहे. १९४७ मध्ये झेक्माइस्टर आणि सीझ यांनी झेंडूतून टर्थायनील हा पदार्थ वेगळा केला. पुढे १९५८ मध्ये हॉलंडमध्ये कळले, की मुळांतील हाच पदार्थ जमिनीतील सूत्रकृमींना मारतो. टोमॅटोच्या शेतात आपले शेतकरी झेंडू लावतात त्यामागील एक कारण हेच. या पदार्थावर अतिनील प्रकाश पडला तर तो सिंग्लेट ऑक्सिजन निर्माण करतो! एकाच झाडात ऑक्सिजनला शांत करणारा रेणूही आहे आणि त्याला चेतवणाराही. मग ‘झेंडू अँटिऑक्सिडंट आहे’ या वाक्याला अर्थ उरतो का? कोणता भाग, कोणता रेणू आणि कोणत्या परिस्थितीत, हे विचारल्याशिवाय नाही.

फिनलंडचा धडा

१९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी मांडले, की शरीरात तयार होणारी मुक्त मूलके (जोडीदार इलेक्ट्रॉन नसलेले, म्हणून अतिशय क्रियाशील असे कण) वार्धक्याला कारण असावीत. भाज्या-फळे अधिक खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसतो, हेही पाहणीत आढळत होते. १९८१ मध्ये रिचर्ड पेटो आणि सहकाऱ्यांनी प्रश्न विचारला : आहारातील बीटा कॅरोटीनने कर्करोग कमी होईल काय? प्रश्न योग्य होता आणि त्याचे उत्तर प्रयोगानेच मिळणार होते.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणारे २९,१३३ पुरुष निवडले गेले. त्यांची वये ५० ते ६९. त्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिले, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. पाच ते आठ वर्षांनी हिशेब झाला. १९९४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा सारे थक्क झाले. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी नव्हे, तर १८ टक्के जास्त आढळला.

हा योगायोग असेल असे काहींना वाटले. पण अमेरिकेत धूम्रपान करणारे, ते सोडलेले आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेले अशा १८,३१४ लोकांवर अशीच चाचणी चालू होती. त्यांना बीटा कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले जात होते. गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग २८ टक्के आणि मृत्यू १७ टक्के अधिक दिसले. जानेवारी १९९६ मध्ये ती चाचणी ठरल्या वेळेच्या २१ महिने आधीच थांबवावी लागली.

इशारा आधी मिळाला होता. १९८४ मध्ये कॅनडात बर्टन आणि इंगोल्ड यांनी प्रयोगशाळेत पाहिले होते, की ऑक्सिजनचा दाब कमी असताना बीटा कॅरोटीन रक्षक असते; दाब आणि त्याचे स्वतःचे प्रमाण वाढले की ते उलट वागू लागते, ऑक्सिडीकरणाला मदत करते. फुप्फुसात ऑक्सिजन भरपूर. त्यात सिगारेटचा धूर आला की कॅरोटीनचा रेणू मोडतो आणि त्याचे तुकडेच उपद्रवी ठरत असावेत, असे स्पष्टीकरण दिले जाते. परीक्षानळीतले रक्षण आणि माणसाच्या शरीरातले रक्षण यांत एवढे अंतर आहे.

पीतबिंदू

मग झेंडूच्या ल्युटीनचे काय? आपल्या डोळ्याच्या दृष्टिपटलावर मध्यभागी जिथे सर्वांत स्पष्ट दिसते, त्या जागेला आपण पीतबिंदू म्हणतो. तो पिवळा का, याचे उत्तर १९८५ मध्ये पक्के झाले : तिथे ल्युटीन आणि त्याचे भावंड झियाझँथिन साठवलेले असते. पुन्हा तीच परिस्थिती, भरपूर प्रकाश आणि भरपूर ऑक्सिजन. शिवाय हा पिवळा थर निळा प्रकाश गाळतो. वनस्पतीने जे पानात केले, तेच डोळ्याने अन्नातून उसने घेतले.

उतारवयात हा पीतबिंदू झिजून दृष्टी जाऊ शकते. त्यावरील गोळ्यांची अमेरिकेतील दुसरी मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच्या मिश्रणात बीटा कॅरोटीन होते. या चाचणीत ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग २ टक्के लोकांना झाला, न घेणाऱ्यांत ०.९ टक्के, बहुतेक रुग्ण पूर्वी धूम्रपान करणारे. म्हणून त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन सुचवले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीत ल्युटीनमुळे हा कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. पण हे नीट लक्षात ठेवावे : या मिश्रणाचा उपयोग आहे तो हा विकार मध्यम अवस्थेत असलेल्यांना, तो पुढे सरकण्याचा वेग कमी करण्यापुरता. निरोगी डोळ्यांसाठी हे औषध नव्हे. आपल्याला पालक, मेथी, मका आणि अंड्याचा बलक यांतून ल्युटीन मिळतेच. तोरणाची फुले मात्र खाऊ नयेत. त्यांच्यावर कीटकनाशक फवारलेले असू शकते.

वर्गात करून पाहा

दसऱ्यानंतर उतरवलेल्या तोरणातील चांगल्या पाकळ्या घ्या. सावलीत सुकवून थोड्या ॲसिटोनमध्ये खला. (जवळ ज्योत नको, खिडक्या उघड्या ठेवा.) पिवळा अर्क दोन परीक्षानळ्यांत सारखा भरून बुचे लावा. एक नळी काळ्या कागदात गुंडाळा, दुसरी तशीच ठेवा आणि दोन्ही उन्हात ठेवा. उघड्या नळीतला रंग हळूहळू फिका पडेल. प्रकाश आणि ऑक्सिजन यांच्याशी झुंजताना ल्युटीन स्वतः खर्ची पडते, हे विद्यार्थ्यांना डोळ्यांनी दिसेल. जिवंत पानात खर्ची पडलेल्या रेणूची जागा नवा रेणू घेतो. नळीत तो येणार कुठून?

मग त्या चौकस विद्यार्थ्याला विचारा : हा रेणू रक्षण करतो हे खरे, पण कुठे, किती प्रमाणात आणि कोणाच्या सोबतीने? वेष्टनावरचा ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द या तिन्हींपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. फिनलंडमधील त्या हजारो माणसांनी ते प्रश्न विचारायला आपल्याला शिकवले आहे.